संदर्भ लेख : एकाच जिल्ह्यातील सरकारी प्राथमिक शाळांची तुलना, मोहालीच्या आकड्यांतून काय दिसते, काय दिसत नाही

मोहाली : पंजाब शालेय शिक्षण मंडळाचे मुख्यालय मोहाली शहरात आहे आणि राज्यातील इयत्ता पाचवीच्या परीक्षेचा निकाल काही वर्षे येथूनच जाहीर होत असे. २०२४ मध्ये या परीक्षेला ३ लाख ६ हजार ४३१ विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी ३ लाख ५ हजार ९३७ उत्तीर्ण झाले. निकाल ९९.८४ टक्के लागला. त्याआधीच्या वर्षी तो ९९.६९ टक्के होता. राज्यात २३ जिल्हे आहेत. २०२४ मध्ये उत्तीर्ण न झालेल्या ४९४ मुलांची त्यांत सरासरी काढली, तर प्रत्येक जिल्ह्याच्या वाट्याला २१ ते २२ मुले येतात. जिल्ह्यांचा क्रम लावायचा झाल्यास तो या वीस-बावीस मुलांवर लावावा लागतो. एखाद्या जिल्ह्यात पाच मुले आजारी पडली, तरी क्रम बदलू शकतो.

जिल्ह्याजिल्ह्यांत ही अवस्था असेल, तर एकाच जिल्ह्यातील एका शाळेची दुसरीशी तुलना करण्यास अशा निकालाचा काहीच उपयोग नाही, हे उघड आहे. तरीही तुलना होतेच. पालक मुलाचे नाव घालताना ती करतात, शिक्षण अधिकारी आढावा बैठकीत करतात, कमी पटाच्या शाळा शेजारच्या शाळेत विलीन करण्याचा प्रस्ताव निघतो तेव्हा शासन करते. या तुलनेवर शिक्षकांची प्रतिष्ठा आणि कधीकधी गावातील शाळेचे अस्तित्वही अवलंबून असते. म्हणूनच ती कशाच्या आधारे होते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे.

एका जिल्ह्यात चार प्रदेश

साहिबजादा अजितसिंग नगर हे मोहालीचे अधिकृत नाव. गुरू गोविंदसिंग यांच्या ज्येष्ठ पुत्राच्या नावाचा हा जिल्हा रूपनगर आणि पतियाळा या जिल्ह्यांचे भाग तोडून १४ एप्रिल २००६ रोजी अस्तित्वात आला. मोहाली, खरड आणि डेराबस्सी असे त्याचे तीन तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या दहा लाखांच्या किंचित आत होती. शिक्षण खात्याने आपल्या सोयीसाठी तालुक्यांचे आणखी विभाजन करून खरड, कुराली, माजरी, बनूड, डेराबस्सी असे शिक्षण गट केले आहेत. महाराष्ट्रात गटशिक्षणाधिकारी असतो, तसा येथे गट प्राथमिक शिक्षणाधिकारी असतो. आपल्याकडील केंद्रप्रमुखाच्या जागी येथे केंद्र मुख्याध्यापक आहे. मराठी वाचकाला ही उतरंड परकी वाटणार नाही. फरक एवढाच की पंजाबात ग्रामीण प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे नसून प्रामुख्याने थेट राज्याच्या शिक्षण खात्याकडे आहेत.

मात्र हा जिल्हा प्रशासनाच्या नकाशावर जितका एकसंध दिसतो, तितका तो प्रत्यक्षात नाही. मोहाली शहर नियोजनबद्ध वसवलेले आहे. तेथील मध्यमवर्गाची मुले बहुतांशी खासगी शाळांत किंवा सीमेपलीकडे चंडीगढमध्ये जातात. शहराने गिळलेल्या सोहाणा, मटौर, कुंभडा यांसारख्या जुन्या गावांत आता भाड्याच्या खोल्यांतून कामगार कुटुंबे राहतात. दक्षिणेला झिरकपूर आणि डेराबस्सीचा पट्टा आहे. २००१ मध्ये २५ हजारांच्या आसपास वस्ती असलेले झिरकपूर दहा वर्षांत ९५ हजारांवर गेले आणि त्यानंतरही वाढतच राहिले. तेथील बांधकामे, डेराबस्सीचे कारखाने आणि आसपासच्या वीटभट्ट्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेल्या मजुरांवर चालतात. उत्तरेला माजरी गटात शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी सिसवां, मिर्झापूर यांसारखी छोटी गावे आहेत. वस्ती विरळ, शाळा लहान. उरलेला भाग गहू-भाताच्या शेतीचा. तेथील बऱ्याच जमीनदार कुटुंबांनी सरकारी शाळा केव्हाच सोडली आहे आणि वर्गात प्रामुख्याने अनुसूचित जातींची आणि शेतमजुरांची मुले उरली आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार पंजाबात अनुसूचित जातींचे प्रमाण जवळपास ३२ टक्के होते आणि देशात ते सर्वाधिक होते. सरकारी प्राथमिक शाळेच्या पटात हे प्रमाण त्याहून मोठे दिसते, याचे कारण हेच.

अशा चार प्रदेशांतील चार शाळा एका तक्त्यात एकाखाली एक मांडल्या, तर तक्ता शाळेविषयी जितके सांगेल, त्याहून अधिक त्या गावाविषयी सांगेल.

आकडे येतात कोठून

शाळांविषयीचा सर्वांत विस्तृत साठा यू-डायस प्लस या केंद्रीय प्रणालीत आहे. १९९४-९५ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमासोबत सुरू झालेली डायस नोंद २०१२-१३ मध्ये यू-डायस झाली, २०१८-१९ पासून ऑनलाइन झाली आणि २०२२-२३ पासून तिच्यात शाळेच्या एकूण पटाऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक आहे. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, त्यानंतर गट, गाव आणि शेवटी शाळा. वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, वीज, संगणक, शिक्षकसंख्या, इयत्तावार पट ही सर्व माहिती तेथे मिळते. मुलाला वाचता येते की नाही, हे मात्र तेथे मिळत नाही.

ते शोधण्यासाठी सर्वेक्षणे आहेत. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले. त्यात सुमारे १ लाख १८ हजार शाळांतील ३४ लाख विद्यार्थी होते. ४ डिसेंबर २०२४ रोजी त्याचीच पुढची फेरी ‘परख’ या नावाने झाली. तिच्यात तिसरी, सहावी आणि नववीचे २१ लाखांहून अधिक विद्यार्थी सहभागी झाले. दोन्ही फेऱ्यांत पंजाब आघाडीच्या राज्यांत राहिला. मात्र या सर्वेक्षणांचा सर्वांत लहान एकक जिल्हा आहे. नमुना म्हणून निवडलेल्या काही शाळांतील काही मुलांवरून जिल्ह्याचा अंदाज बांधता येतो, त्या शाळांचा नव्हे. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी झालेल्या राज्य शैक्षणिक संपादणूक सर्वेक्षणाने प्रथमच गट हा एकक धरला. जिल्ह्यांतर्गत तुलनेच्या दृष्टीने हे सर्वांत उपयुक्त पाऊल. माजरी आणि डेराबस्सी यांची तुलना त्यामुळे तत्त्वतः शक्य झाली, मात्र तीही शाळेपर्यंत पोहोचत नाही.

‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारी ‘असर’ पाहणी वेगळ्या वाटेने जाते. ती फक्त ग्रामीण भागात होते, शाळेऐवजी घरी जाऊन मुलाला एकट्याने वाचायला सांगते आणि जिल्ह्यातील ३० गावांतून प्रत्येकी २० घरे निवडते. सहाशे घरांतून जिल्ह्याचे चित्र मिळते, एका गावाच्या शाळेचे नाही. शिवाय झिरकपूरसारखी शहरी वस्ती तिच्या कक्षेबाहेर राहते, आणि मोहालीत नेमके तेथेच सर्वाधिक मुले वाढली आहेत.

थोडक्यात, जेथे शाळानिहाय आकडे आहेत तेथे शिक्षणाची पातळी नाही आणि जेथे पातळी मोजली आहे तेथे शाळा नाही.

मापपट्टी बदलली की क्रमही बदलतो

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या कामगिरी श्रेणी निर्देशांकाने हे फार ठळकपणे दाखवले. हजार गुणांच्या या निर्देशांकात २०१९-२० साठी पंजाबला ९२९ गुण मिळाले आणि राज्य देशात पहिले आले. जून २०२१ मध्ये हा अहवाल आला तेव्हा पंजाबात निवडणुकीचे वारे वाहू लागले होते. दिल्लीतील आम आदमी पक्षाच्या सरकारने निकालाविषयी शंका घेतली आणि वाद पेटला. पुढच्या वर्षासाठी पंजाब, केरळ आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांना प्रत्येकी ९२८ गुण मिळाले. त्यानंतर मंत्रालयाने निर्देशांकाची रचना बदलली, अध्ययन निष्पत्तींना अधिक वजन दिले, आणि २०२१-२२ च्या नव्या मापनात एकही राज्य वरच्या पाच श्रेणींत पोहोचू शकले नाही. चंडीगढ ६५९ आणि पंजाब ६४७ गुणांच्या आसपास थांबले. महाराष्ट्र त्याखालच्या श्रेणीत गेला. एका वर्षात पंजाबच्या शाळा पावणेतीनशे गुणांनी बिघडल्या नव्हत्या. बदलली होती ती मापपट्टी.

याच निर्देशांकाची जिल्हा आवृत्ती ६०० गुणांची आहे. त्यातील २९० गुण निष्पत्तींना, ९० वर्गातील अध्यापनाला, ८४ प्रशासनाला, ५१ भौतिक सुविधा आणि विद्यार्थ्यांच्या हक्कांना, ५० डिजिटल शिक्षणाला आणि ३५ शालेय सुरक्षेला. दक्षपासून आकांक्षीपर्यंत दहा श्रेणी आहेत. या वाटणीकडे नीट पाहिले तर लक्षात येते की निम्म्याहून अधिक गुण अशा बाबींना आहेत ज्या मुलाच्या वाचन-गणिताशी थेट संबंधित नाहीत. त्या निरर्थक आहेत असे नव्हे. मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह ही किमान अपेक्षाच आहे. पण रंगवलेल्या भिंती, संगणक आणि वेळेवर भरलेली माहिती यांची बेरीज ‘चांगली शाळा’ म्हणून वाचली जाते, तेव्हा गफलत होते. पंजाबातील ‘स्मार्ट स्कूल’ मोहिमेने अनेक इमारतींचा कायापालट केला, लोकवर्गणीही मोठी जमली. शिकण्यातला बदल मात्र इमारतीच्या छायाचित्रातून दिसत नाही.

आठ मुलांचा वर्ग

जिल्ह्यांतर्गत तुलनेतील सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित अडचण गणिती आहे. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या शाळेत तिसरीत आठ मुले आहेत, असे समजू. त्यातील एका मुलाला परीक्षेच्या दिवशी ताप आला, तर शाळेचा निकाल साडेबारा टक्क्यांनी खाली येतो. पन्नास मुलांच्या वर्गात तोच ताप दोन टक्के घेतो. दोन्ही शाळांतील शिक्षक सारखेच चांगले शिकवत असतील आणि सरासरी ६० टक्के मुले वाचू शकत असतील, तरी केवळ योगायोगाने आठ मुलांच्या शाळेचा आकडा दरवर्षी १७ टक्क्यांच्या आसपास वर-खाली होणे स्वाभाविक आहे. पन्नास मुलांच्या शाळेत ही चढउतार सात टक्क्यांची.

परिणाम असा की यादीच्या शिखरावर आणि तळाशी, दोन्हीकडे लहान शाळाच गर्दी करतात. मोठ्या शाळा मध्ये राहतात. थॉमस केन आणि डग्लस स्टायगर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील प्राथमिक शाळांच्या निकालांवरून हे दाखवून दिले आणि २००२ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेने प्रत्येक शाळेला वार्षिक चाचणीच्या निकालावर जबाबदार धरणारा कायदा लागू केला होता. इंग्लंडमध्ये १९९२ पासून शाळांचे निकालतक्ते प्रसिद्ध होऊ लागले. वेल्सने २००१ मध्ये ते बंद केले.

मोहालीसाठी ही चर्चा केवळ पुस्तकी नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये पंजाब सरकारने वीसपेक्षा कमी पट असलेल्या ८०० प्राथमिक शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचा निर्णय जाहीर केला आणि शिक्षक संघटना व गावकऱ्यांनी त्याला विरोध केला. महाराष्ट्रातही २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या १४ हजार ७८३ शाळांसाठी समूह शाळांचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा कोकण आणि सह्याद्रीच्या वाड्यावस्त्यांतून असाच आवाज उठला होता. लहान शाळेचे अर्थशास्त्र अवघड आहे, हे मान्यच. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. प्रत्यक्षात देशात एकशिक्षकी शाळांची संख्या २०२४-२५ मध्येही एक लाखाहून अधिक होती. पाच इयत्ता एकाच शिक्षकाकडे असताना लागलेला निकाल आणि पाच शिक्षकांच्या शाळेचा निकाल शेजारी ठेवणे योग्य नाही. मात्र पट कमी म्हणून शाळा बंद करण्याचा निर्णय आणि निकाल वाईट म्हणून शाळा बंद करण्याचा निर्णय, हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिल्याचे समर्थन करण्यासाठी दुसऱ्याचे आकडे वापरले जातात, तेव्हा आठ मुलांच्या वर्गाचा हिशेब आठवावा.

वर्षाच्या मध्यावर बदललेला वर्ग

डेराबस्सी-झिरकपूर पट्ट्यातील शाळांची अडचण उलटी आहे. तेथे पट भरपूर आहे, पण एप्रिलमध्ये नाव घातलेली मुले मार्चमध्ये त्याच वर्गात असतील याची खात्री नाही. वीटभट्टीचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या अखेरीस संपतो. शाळेचे वर्ष त्याच्याशी जुळत नाही. बांधकाम संपले की कुटुंब हलते. बीड आणि अहिल्यानगरच्या ऊसतोड मजुरांच्या मुलांचा प्रश्न ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे अधिक सांगायला नको. यू-डायस प्लसमध्ये आता प्रत्येक मुलाला कायम क्रमांक असल्यामुळे त्याचा माग काढणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. मात्र परीक्षेच्या दिवशी वर्गात बसलेल्या मुलापैकी किती जण त्या शाळेत वर्षभर शिकले, हा स्तंभ कोणत्याही तुलनातक्त्यात सहसा नसतो.

त्यात भाषेची भर. पंजाबात २००८ च्या कायद्याने पंजाबी विषय शाळांत सक्तीचा आहे आणि सरकारी प्राथमिक शाळांचे मूळ माध्यम पंजाबी आहे. घरी भोजपुरी, मगही किंवा हिंदी बोलणारे मूल पहिलीत गुरुमुखी लिपीशी प्रथमच भेटते. त्याच्या ‘वाचन पातळी’ची चाचणी गुरुमुखीतच होते. अशा मुलाला तिसरीत परिच्छेद वाचता आला नाही, तर कमी शाळेत आहे की भाषेच्या अंतरात, हे त्या एका गुणावरून ठरत नाही. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते, तिचे प्रश्न वेगळे आहेत. मोहालीत असा पर्याय व्यवहार्य आहे की नाही, यावर मतभेद असू शकतात. परंतु गव्हाच्या पट्ट्यातील पंजाबीभाषक मुलांच्या शाळेशी झिरकपूरच्या शाळेची तुलना करताना भाषेचा उल्लेखही नसावा, हे समर्थनीय नाही.

न्याय्य तुलना कशी असते

शिक्षणतज्ज्ञांचा सर्वसाधारण कल असा की शाळेची कामगिरी मूल कोठे पोहोचले यावरून नव्हे, तर कोठून कोठे गेले यावरून मोजावी. उदाहरणादाखल, सत्रारंभी एका शाळेतील २० टक्के मुले परिच्छेद वाचू शकत होती आणि वर्षअखेरीस ५५ टक्के वाचू लागली. दुसऱ्या शाळेत हेच प्रमाण ६० वरून ७५ झाले. रूढ यादीत दुसरी शाळा वर राहील. वर्षभरात अधिक काम मात्र पहिलीने केले आहे.

पंजाबात यासाठी लागणारी यंत्रणा काही प्रमाणात आहेही. २०१७ पासून प्राथमिक वर्गांत राबवलेल्या ‘पढो पंजाब, पढाओ पंजाब’ उपक्रमाने पातळीनुसार शिकवण्यावर भर दिला. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘मिशन समर्थ’मध्ये तिसरी ते आठवीच्या मुलांची पंजाबी, गणित आणि इंग्रजीत आरंभीच चाचणी घेऊन इयत्तेऐवजी पातळीनुसार गट केले जातात आणि नंतर पुन्हा चाचणी होते. आरंभ आणि शेवट, दोन्ही आकडे शाळेकडे असतात. अडचण एकच, पण मोठी : चाचणी घेणारा शिक्षक तोच, शिकवणारा तोच, आणि आढावा बैठकीत उत्तर देणाराही तोच. निकालावरून जाब विचारला जाऊ लागला की आरंभीची पातळी खाली आणि अखेरची वर दाखवण्याचा मोह कोणत्याही देशात सुटलेला नाही. हीच चाचणी शिक्षकाने केवळ स्वतःच्या वर्गासाठी घेतली, तर ती बहुतेक वेळा प्रामाणिक असते. तुलनेसाठी बाहेरच्या व्यक्तीने काही शाळांत जाऊन पडताळणी करणे हाच मार्ग उरतो आणि त्याला मनुष्यबळ लागते.

दुसरी गोष्ट, तुलना सारख्या शाळांत व्हावी. माजरी गटातील लहान शाळा इतर लहान शाळांशी, वीटभट्टीलगतच्या शाळा तशाच शाळांशी, आणि एका वर्षाऐवजी तीन वर्षांच्या सरासरीवर. असे केल्यास यादी निस्तेज होते. ‘जिल्ह्यात पहिली’ असे फलक लावता येत नाहीत. पण एखादी शाळा आपल्यासारख्या इतर शाळांच्या तुलनेत तीन वर्षे सातत्याने पुढे असेल, तर तेथे शिकण्याजोगे काही आहे, असे विश्वासाने म्हणता येते. फिनलंडमध्ये शाळांची अशी राष्ट्रीय क्रमवारी प्रसिद्धच होत नाही. पंजाब सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये ७२ प्राथमिक शिक्षकांना प्रशिक्षणासाठी त्याच देशातील तुर्कू विद्यापीठात पाठवले, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

आणखी एक बाब तुलनेत हिशेबात धरावी लागते. १४ नोव्हेंबर २०१७ पासून पंजाबने सरकारी प्राथमिक शाळांत तीन ते सहा वयोगटासाठी पूर्वप्राथमिक वर्ग सुरू केले. ज्या गावात हे वर्ग नियमित चालले, तेथील मूल पहिलीत येताना दोन वर्षे शाळेत घालवून आलेले असते. स्थलांतरित कुटुंबातील मूल अनेकदा थेट पहिलीत किंवा दुसरीत दाखल होते. दोघेही तिसरीच्या चाचणीला एकाच बाकावर बसतात.

पालकांना काय पाहता येते

शाळानिहाय गुणतक्ता उपलब्ध नसला, तरी पालक पूर्णपणे अंधारात नाहीत. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेचा अकरा अंकी क्रमांक किंवा नाव टाकून शिक्षकसंख्या आणि इयत्तावार पट पाहता येतो. दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले, तर गेल्या वर्षी दुसरीत असलेली मुले यंदा तिसरीत किती उरली, हे कळते. चौथी-पाचवीत पट अचानक घसरत असेल, तर मुले कोठे जातात हे विचारण्यास जागा आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असणे बंधनकारक आहे. २४ डिसेंबर २०२२ पासून पंजाबात सर्व सरकारी शाळांत एकाच दिवशी पालक-शिक्षक महामेळावे होऊ लागले आहेत. पातळीनुसार केलेल्या गटांत आपले मूल सत्रारंभी कोठे होते आणि आता कोठे आहे, हे त्या दिवशी वर्गशिक्षकाला विचारता येते.